अन्नसंकलन मोहीम: आधी वाटप ठरवा, आवाहन त्यानंतर

अन्नसंकलनाच्या मोहिमा फसतात त्या बहुधा एकाच कारणाने. कामाचा क्रम उलटा असतो. आधी आवाहन होतं, मग माल येतो, मग तो ठेवायचा कुठे याची शोधाशोध सुरू होते आणि द्यायचा कुणाला हे सगळ्यात शेवटी ठरतं. तोवर काही पाकिटं फाटलेली असतात, काहींची तारीख उलटलेली असते आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्यांना साखर भरपूर मिळते, पण डाळ मिळत नाही. 'जमेल ते द्या' असं म्हटलं की लोक हाताशी असेल ते देतात. नेमकं काय हवंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून पुढचे टप्पे वाटपाकडून सुरू होऊन संकलनाकडे येतात. एका इमारतीपुरती किंवा एका कार्यालयापुरती मोहीम असेल, तर तयारीला तीन आठवडे धरा. अनेक ठिकाणांहून माल गोळा करायचा असेल, तर सहा आठवडे लागतात.

टप्पा १: घेणारा पक्का करा

पहिल्यांदाच मोहीम करणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे: थेट कुटुंबांना वाटायला जाऊ नका. नियमितपणे धान्य वाटणारी संस्था, अन्नपेढी किंवा सामुदायिक स्वयंपाकघर गाठा. कुणाला खरी गरज आहे, कुठल्या घरात आजारी माणूस आहे, कुठे चूल पेटवण्याची सोय नाही, ही माहिती त्यांच्याकडे असते. ती दोन-तीन आठवड्यांत आपल्याला जमवता येत नाही.

संस्थेला प्रत्यक्ष भेटा आणि पुढचे प्रश्न विचारा. उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या.

- सध्या कशाचा तुटवडा आहे आणि काय पडून आहे?
- एका वेळी किती किलो माल ठेवायला जागा आहे?
- माल कुठल्या दिवशी, किती वाजता उतरवून घेणार? उतरवायला तुमची माणसं असतील का?
- मुदत संपायला किमान किती दिवस शिल्लक असलेला माल चालतो?
- सुटं धान्य घेता की फक्त बंद पाकिटं?
- घेणाऱ्या लोकांकडे स्वयंपाकाची सोय आहे का? पाणी, इंधन, भांडी?
- वस्तूंऐवजी पैसे दिले तर जास्त उपयोग होईल का?

शेवटचा प्रश्न बरेच जण टाळतात, कारण धान्याचा ढीग डोळ्यांना दिसतो आणि पैसे दिसत नाहीत. पण संस्था घाऊक भावात खरेदी करते आणि तिला हवी तीच वस्तू, हवी तेव्हा घेते. तेवढ्याच पैशांत देणगीदार किरकोळ भावाने आणतो त्यापेक्षा तिच्याकडे बरंच जास्त धान्य येतं. पैसेच हवेत असं उत्तर आलं तर ते मनापासून स्वीकारा. दोन्ही चालत असेल तर वस्तू आणि पैसे यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.

स्वयंपाकाच्या सोयीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांच्याकडे इंधन नाही त्यांना तासभर शिजणारं कडधान्य देऊन काही साधत नाही. त्यांना लवकर शिजणाऱ्या डाळी किंवा थेट खाता येतील असे डबाबंद पदार्थ लागतात.

*तपासा:* घेणाऱ्याचं नाव, उतरवण्याची तारीख, वेळ आणि किलोतली मर्यादा कागदावर आली का? यातली एक गोष्ट जरी राहिली असेल, तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा २: किलोंमध्ये गणित मांडा

'शंभर कुटुंबांना मदत' असं ठरवणं सोपं, पण शंभर कुटुंबांना किती धान्य लागतं हे फार थोडे जण मोजतात. संकटकाळातल्या मदतकार्यात माणशी रोज सुमारे २,१०० किलोकॅलरी हा नियोजनाचा आकडा जगभर वापरला जातो. त्यावरून ढोबळ हिशोब असा बसतो:

- धान्य ४०० ग्रॅम: सुमारे १,४०० किलोकॅलरी
- डाळ किंवा कडधान्य ६० ग्रॅम: सुमारे २००
- तेल २५ ग्रॅम: सुमारे २२०

एवढ्यात १,८०० च्या थोडं वर जाता येतं. उरलेलं साखर, भाजीपाला, दूध अशा इतर गोष्टींतून येतं. आता हेच चार माणसांच्या कुटुंबासाठी १५ दिवसांना लावा: २४ किलो धान्य, ३.६ किलो डाळ आणि दीड किलो तेल. एका कुटुंबाचे जवळजवळ ३० किलो झाले. ५० कुटुंबं धरली तर दीड टनाच्या आसपास माल होतो.

या आकड्यातून दोन गोष्टी लगेच कळतात. तुमच्या गटाकडून ३०० किलो धान्य जमण्यासारखं असेल, तर ते १५ दिवसांसाठी साधारण १२ कुटुंबांना पुरेल. तेच १०० घरांत वाटलं तर प्रत्येकाला तीन किलो मिळतं. तेही चालेल, पण मग त्याला 'पूरक मदत' म्हणा आणि तसंच सांगून द्या. 'महिन्याचा शिधा' म्हणून गाजवू नका. घेणारं कुटुंब त्या शब्दावर आपला महिना बेतत असतं.

दुसरी गोष्ट वजनाची. ३० किलोचा एकच बोजा म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा कडेवर मूल असलेली आई उचलू शकत नाही. एका कुटुंबाचा शिधा आठ-दहा किलोंच्या पिशव्यांत विभागा किंवा दोन फेऱ्यांत द्या.

टप्पा ३: यादी छोटी आणि नेमकी ठेवा

पाच ते सात वस्तू पुरे. प्रत्येकीपुढे पाकिटाचं वजन लिहा. नुसतं 'तांदूळ' लिहिलं की पाव किलोपासून पाच किलोपर्यंत सगळं येतं आणि सारखे वाटे पाडताना अर्धा दिवस जातो. 'तांदूळ, १ किलो, कंपनीचं बंद पाकीट' असं लिहा.

त्याहून मोठा फरक पडतो तो वस्तू वाटून देण्याने. पहिल्या मजल्याने फक्त डाळ, दुसऱ्याने फक्त तेल, एका विभागाने धान्य, दुसऱ्याने मीठ-साखर. सगळ्यांना एकच लांबलचक यादी दिली की प्रत्येक जण त्यातली स्वस्त आणि हलकी वस्तू उचलतो, त्यामुळे मीठ ढिगाने आणि तेल मोजकंच येतं. वस्तू वाटून दिल्या की प्रमाण आपोआप राखलं जातं आणि वर्गवारीचं निम्मं काम दारातच होतं.

काही वस्तू यादीबाहेर ठेवा आणि त्या चालणार नाहीत हे स्पष्ट सांगा.

*घरी केलेलं काहीही.* घरगुती लोणची, डबाबंद भाज्या, पिठं. ती कितीही निगुतीने केलेली असोत, आत काय आहे आणि कधी केलं हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

*उघडलेली आणि पुन्हा बांधलेली पाकिटं.*

*काचेच्या बाटल्या.* एक फुटली की त्या खोक्यातलं सगळं टाकावं लागतं. काचेचा बारीक चुरा धान्यातून निवडता येत नाही.

*पॉलिश न केलेला तांदूळ आणि कोंड्यासकट दळलेलं पीठ.* पौष्टिक खरं, पण त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे ते लवकर खवट होतं. महिनाभर साठवणीत राहू शकणाऱ्या मोहिमेत अख्खं धान्य किंवा पॉलिश केलेला तांदूळ बरा.

*बाळाच्या दुधाची पावडर.* हे देताना लोकांची भावना फार चांगली असते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ही पावडर सरसकट वाटली की अंगावर पाजणाऱ्या आयाही ती वापरू लागतात आणि त्यांचं दूध कमी होतं. पाणी अशुद्ध असेल किंवा पावडर पुरवायची म्हणून पातळ केली जात असेल, तर बाळाला जुलाब आणि कुपोषण दोन्हीचा धोका असतो. आईच्या दुधाच्या पर्यायांची विक्री आणि जाहिरात कशी व्हावी यासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आंतरराष्ट्रीय संहिताच मंजूर केली आहे. ज्या बाळाला खरोखर पावडरची गरज आहे, त्याची सोय आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने, त्या एका बाळापुरती करा.

मध ठेवणार असाल तर त्यावर 'एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये' अशी चिठ्ठी लावा.

साबण आणि धुण्याची पावडर मागायला हरकत नाही, पण त्यांची खोकी अगदी पहिल्या क्षणापासून वेगळी ठेवा. पीठ आणि तांदूळ वास पटकन धरतात आणि मग तो शिजवल्यावरही जात नाही.

टप्पा ४: जागा, माणसं, सामान

खोली कोरडी, तळमजल्यावरची आणि कुलूप लागणारी हवी. दारापर्यंत वाहन येत असेल तर निम्मी दमछाक वाचते. जमिनीवर थेट पोती रचू नका. लाकडी पॅलेट किंवा फळ्या टाकून माल जमिनीपासून किमान १५ सेंटीमीटर उंच ठेवा आणि भिंतीपासून हातभर सोडा. फरशीची आणि भिंतीची ओल पोत्यात चढते, आणि मागे जागा नसेल तर झाडता येत नाही, उंदीर आले तरी कळत नाही.

सामान साधंच लागतं: जमिनीवर ठेवायचा वजनकाटा, कमरेइतक्या उंचीची टेबलं, जाड मार्कर, चिकटपट्टी, झाडू, कचऱ्याचे डबे आणि लहान खोकी. खोकं मोठं असलं की ते काठोकाठ भरलं जातं आणि मग उचलणाऱ्याची पाठ धरते. भरलेलं खोकं १२ किलोंच्या वर जाऊ देऊ नका.

माणसांना काम नेमून द्या. दारावर एक, वजन आणि नोंदीला दोघं, तपासणीला तिघं-चौघं, भरणीला दोघं. चावी आणि साठ्याचा हिशोब एकाच्याच हाती. याशिवाय 'हे घ्यायचं की टाकायचं' याचा निर्णय देणारी एकच व्यक्ती नेमा. तिचा शब्द शेवटचा. असा माणूस नसेल तर प्रत्येक संशयास्पद डब्यावर पाच जण चर्चा करतात आणि अखेर कुणाचं मन मोडायला नको म्हणून तो डबा ठेवला जातो.

टप्पा ५: आता आवाहन करा

संकलनाच्या दहा दिवस आधी एक संदेश, दोन दिवस आधी आठवण. त्यात पाच गोष्टी हव्यात: कुणासाठी, कोणती एक वस्तू, किती वजनाचं पाकीट, कुठे आणि किती ते किती. उदाहरणार्थ:

'अमुक संस्थेच्या ४० कुटुंबांसाठी आपल्या मजल्याकडे डाळ आहे. १ किलोचं बंद पाकीट, मुदत किमान तीन महिने शिल्लक. शनिवारी सकाळी ९ ते १२, तळमजल्यावरची खोली. उघडी पाकिटं आणि शिजवलेलं अन्न घेता येणार नाही.'

टप्पा ६: संकलनाचा दिवस

तीन तासांचा एक ठरलेला अवधी ठेवा, फार तर असे दोन अवधी. जिन्याखाली खोकं ठेवून 'महिनाभरात केव्हाही टाका' ही पद्धत सोयीची वाटते खरी, पण त्यात माल कुणाच्या देखरेखीखाली नसतो, कीड लागते, आणि कधी काय आलं याचा पत्ता लागत नाही.

१. माल दारातच घ्या आणि पाकिटावरची तारीख देणाऱ्यासमोर पाहा.
२. वजन करा.
३. वहीत वस्तू, पाकिटांची संख्या आणि वजन लिहा.
४. पैसे आले तर तिथल्या तिथे पावती द्या. पैसे नेहमी दोघांनी मिळून मोजावेत.
५. मगच माल तपासणीच्या टेबलावर न्या.

न चालणारी वस्तू परत करताना अवघडल्यासारखं होतं. 'संस्थेने ही वस्तू घेता येणार नाही असं कळवलंय, तुम्ही घरी वापरा' एवढं शांतपणे सांगितलं की लोक समजून घेतात. ती नंतर गुपचूप फेकून देण्यापेक्षा दारातच सांगितलेलं बरं.

टप्पा ७: तपासणी आणि वर्गवारी

मोहिमेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि घाईही इथेच होते. चांगल्या उजेडात, न बोलता, एका वेळी एकच पाकीट हातात घेऊन करायचं हे काम आहे.

*धान्य आणि डाळ.* पाकीट आडवं धरून उजेडाकडे करा आणि हलकेच तिरकं करा. तळाशी बारीक भुकटी साचली असेल, दाण्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत असतील किंवा दाणे एकमेकांना कोळिष्टकासारख्या धाग्याने चिकटले असतील, तर आत सोंडे, पोरकिडे किंवा अळी आहे. किडा दिसलाच पाहिजे असं नाही, कारण सोंड्याची अळी दाण्याच्या आतच वाढते. असं पाकीट लगेच दुसऱ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, खोलीबाहेर ठेवा. पातळ प्लास्टिक कुरतडून कीड शेजारच्या पाकिटात जाते, आणि एका पाकिटापायी अख्खा ढीग जाऊ शकतो.

*पीठ.* गोळे, ओलसर डाग किंवा पाकिटातून येणारा कुबट वास असेल तर बाद.

*डबे.* फुगलेला, गळणारा, गंजाने खड्डे पडलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा बाद. बोट शिवणीवरून आणि काठावरून फिरवा, डोळ्यांना न दिसणारा चेप बोटाला लागतो. मधल्या सपाट भागावर उथळ खळगा असेल तर चालतं.

*सावधान:* संशयास्पद डबा उघडून वास घेऊ नका, चव तर मुळीच पाहू नका. बोटुलिनम हे जिवावर बेतणारं विष अशा डब्यांत तयार होऊ शकतं आणि त्याला वास, रंग, चव काहीच नसते.

*तेल.* टोपणाचं सील शाबूत हवं. बाटली टोपणाच्या बाजूने कापडावर टेकवून बघा. डाग पडला तर ती बाटली खोक्यात घालू नका.

*लेबल.* घटकांची यादी नसलेलं किंवा लेबल निघालेलं पाकीट वाटू नका. शेंगदाणे, दूध, गहू, सोया, अंडी यांची ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ते लेबल म्हणजे जिवाचा प्रश्न असतो.

*तारखा.* 'बेस्ट बिफोर' ही दर्जाची तारीख आहे. त्यानंतर चव किंवा कुरकुरीतपणा कमी होतो, पण पदार्थ लगेच धोकादायक होतो असं नाही. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' उलटलेला माल मात्र कुठल्याही परिस्थितीत द्यायचा नाही. दोन्ही बाबतींत घेणाऱ्या संस्थेचा नियम अधिक कडक असेल तर तोच पाळा.

तपासून झालं की वस्तूनुसार आणि वस्तूतही मुदतीच्या महिन्यानुसार खोकी लावा. खोक्याच्या दोन बाजूंना मार्करने मोठ्या अक्षरांत वस्तू, संख्या, वजन आणि आतली सगळ्यात जवळची तारीख लिहा. वरच्या झाकणावर लिहू नका, कारण रचल्यावर ते दिसत नाही. लवकर मुदत संपणारी खोकी पुढे. जो माल आधी आला तो आधी, हा नेहमीचा नियम इथे पुरत नाही. कालच आलेल्या पाकिटाची मुदत महिनाभरापूर्वी आलेल्याच्या आधी संपणारी असू शकते.

*तपासा:* दारावरच्या नोंदीतलं एकूण वजन = खोक्यांतलं वजन + बाद केलेलं वजन. दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर खोकी बंद करण्यापूर्वी शोधा, नंतर तो सापडत नाही.

शिजवलेलं अन्न यात मिसळू नका

समारंभात उरलेलं जेवण आणून देतो, असं कुणी ना कुणी म्हणतंच. हेतू चांगला असला तरी ते वेगळं काम आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि शिजवलेलं अन्न नुसतं बाहेर दोन तासांहून अधिक राहिलं की ते टाकून देणंच सुरक्षित. काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. असं अन्न पोचवायला थर्मामीटर, तापमान राखणारे डबे आणि तासाभरात पोचवणारं वाहन लागतं. देऊ इच्छिणाऱ्याला तशी सोय असलेल्या संस्थेशी जोडून द्या.

टप्पा ८: पोचवणं आणि वाटप

वाहनात जड खोकी खाली, पिठं वर, साबणाची खोकी सगळ्यांत मागे आणि वेगळी. ताडपत्री बरोबर ठेवा. संस्थेकडे उतरवताना वजनासह पोच घ्या आणि त्यावर सही घ्या.

वाटपाला तुम्हाला बोलावलं असेल, तर गर्दी होऊ नये म्हणून कुटुंबांना वेगवेगळ्या वेळा द्यायला सुचवा. म्हातारे, अपंग आणि आजारी यांच्या घरी पोचवण्यासाठी दोन स्वयंसेवक राखून ठेवा. बसायला जागा आणि पाणी असू द्या.

हातात पिशवी घेतलेल्या माणसाचे फोटो काढू नका. परवानगी विचारली तरी ती खरी परवानगी नसते, कारण समोरच्याला नाही म्हटलं तर पिशवी मिळणार नाही अशी भीती असते. देणगीदारांना दाखवायला रचलेली खोकी आणि वजनाचं पत्रक पुरेसं आहे. घेणाऱ्यांची यादीही कुणाच्या मोबाइलवर फिरू देऊ नका.

टप्पा ९: हिशोब आणि आवराआवर

तीन दिवसांच्या आत देणाऱ्यांना एक पान पाठवा: काय आलं, किती किलो, किती बाद झालं आणि का, कुणाला पोचलं, पैसे किती आले आणि कशावर खर्च झाले. बाद झालेला आकडा लपवू नका. 'डाळीची १४ पाकिटं मुदत उलटल्याने बाद' हे वाचलं की पुढच्या वेळी लोक तारीख बघून आणतात.

बाद मालाची विल्हेवाट त्याच दिवशी लावा. नुसती कीड लागलेलं धान्य विचारून जनावरांच्या खाद्याला देता येतं. बुरशी आलेलं मात्र जनावरांनाही घालू नका. काही बुरशींत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते जनावराच्या यकृताला इजा करतं आणि दुभत्या जनावराच्या दुधातही उतरतं. ते पुरून टाका किंवा कुणी परत उचलणार नाही अशा रीतीने कचऱ्यात द्या.

खोली झाडताना पॅलेट उचलून खालचंही झाडा. सांडलेले दाणे राहिले तर आठवड्याभरात तिथे उंदीर होतात, आणि ती खोली पुन्हा मागायला गेल्यावर मिळत नाही. दोन आठवड्यांनी संस्थेला फोन करून विचारा: काय आधी संपलं, काय अजून फळीवर आहे, कुठल्या खोक्यात काय खराब निघालं. ही उत्तरं त्याच नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा आणि वही ज्याच्याकडे पुढची जबाबदारी असेल त्याच्या हाती द्या.